सातवा रकाना

९ फेब्रुवारी

चि. खडू,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे बरे आहेत, म्हणजे मी बरी आहे; घरात आता मीच तर उरलेय. तू, तुझी बायको, लेक, तिघंही खुशाल असाल असं धरून चालते. लेकीची परीक्षा जवळ आली असेल. तिला म्हणावं, आत्यानं आठवण काढलीय.

चोपन्न वर्षांच्या, केस पिकलेल्या माणसाला खडू म्हणणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण कापडावर खुणा करायचा खडू खाऊन ज्यानं आईला भर दुपारी दवाखान्यात पळायला लावलं, त्याला दुसरं काय म्हणणार? तुझं खरं नाव लिहायला गेले की एखाद्या परक्या माणसाला अर्ज करतेय असं वाटतं.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. एक तर माझा फोन तू उचलत नाहीस. दुसरं म्हणजे मला आता फोनची धास्तीच बसली आहे. कोण बोलतंय, बोलतोय तो खरंच तोच आहे का, काही कळेनासं झालंय. कागदाचं बरं, निदान अक्षर ओळखता येतं. माझं अक्षर मोठं आलंय ते डोळ्यांमुळे. रागानं लिहिलंय असं समजू नकोस.

तर झालंय असं, की माझं बँकेतलं खातं कोणीतरी धुऊन नेलं.

आठवडाभर मी अस्तरासाठी हेलपाटे घालत होते. शाळेच्या बँडचे अठरा कोट शिवायला घेतलेत आणि अस्तर नाही. आपल्या त्या बटणं-अस्तराच्या दुकानात आता मालकांचा जावई बसतो. तो माल आणायला गेला होता, म्हणून दुकानाला कुलूप. सोमवारी उघडलं एकदाचं. जावई मोठा अदबशीर आहे. मी आत शिरले की स्टूल पुढे करतो, पंखा बंद करतो, कारण कार्डाच्या मशीनची पावती उडते म्हणे, आणि म्हणतो, "सावकाश ताई, घाई नाही." अस्तर मोजून झालं, मी कार्ड घातलं, नंबर दाबला. मशीन नाही म्हणालं. पुन्हा केलं, पुन्हा नाही. मग दुसरं कार्ड घातलं, बँकेनं गळ्यात मारलेलं ते क्रेडिट कार्ड. तेही नाही म्हणालं. जावई म्हणाला, "खात्यात पैसे नाहीत म्हणतंय ताई. राहू द्या, नंतर द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकतीस वर्षांत त्या दुकानातून मी एक बटणसुद्धा उधार आणलेलं नाही.

फोनमध्ये बँकेचे संदेश येऊन पडले होते. मी ते जाहिराती समजून उघडतच नव्हते. चार दिवसांत नऊ वेळा एटीएममधून पैसे काढले होते, खात्याचा तळ दिसेपर्यंत. क्रेडिट कार्डावर तीन टीव्ही घेतले होते. माझ्या घरात एकही टीव्ही नाही, आणि तीन टीव्हींचं बिल माझ्या नावावर.

डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी साठवलेलं त्यातच होतं. डॉक्टरांनी मार्चमधली तारीख दिली होती. ती रद्द केली.

बँकेचं तुला काय सांगू? तक्रारीच्या नंबरावर फोन केला तर अडीच तास एकच धून वाजत होती, मधूनमधून एक बाई म्हणायची की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी मी फोन शिलाई मशीनवर ठेवला आणि त्या धुनीवर दोन कोटांच्या कॉलरी शिवून टाकल्या. मग स्वतःच गेले. तक्रारीच्या खिडकीवर जाड चष्म्याची एक मुलगी बसते, मला मावशी म्हणते, चांगली आहे. तिच्यामागे काचेच्या खोलीत तिचे साहेब. साहेबांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, "कार्डाची नक्कल कुणीही करतं, पण नंबर नऊच्या नऊ वेळा पहिल्या फटक्यात बरोबर पडलाय. म्हणजे ज्यानं काढले त्याला तो माहीत होता. तुम्ही कुणाला सांगितला होता?" मी म्हटलं, कुणाला नाही. ते म्हणाले, "असं प्रत्येकजण म्हणतो."

मग चार पानी अर्ज. अकरा रकाने होते. ते भरायला दुपार गेली. सातव्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले होते. असो, काय लिहायचं ते लिहिलं.

तो नंबर तुला आठवतच असेल. आईचा खांदा आणि आईची बाही. मापांच्या वहीतलं पहिलं पान. आई गेली त्या महिन्यात तूच म्हणाला होतास, "ताई, दोघांनी हाच नंबर ठेवू, म्हणजे विसरायची भीती नाही." दोन्ही कार्डांना मी तोच ठेवला. तूही ठेवला असशील.

एक सांगायचं राहिलं. ते पैसे काढले ते तुझ्या शहरात. नऊच्या नऊ वेळा. बस स्टँडसमोरच्या मशीनमधून आणि हॉस्पिटलच्या कोपऱ्यावरच्या मशीनमधून. तू चालवतोस ती शाळेची गाडी त्याच रस्त्यानं जाते ना?

सहज विचारते, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तू तिथेच होतास का? काही अडचण आली असेल, लेकीच्या फीची वगैरे, तर मोकळेपणानं सांगावं. मी काही परकी नाही. मनात काही ठेवून लिहीत नाही, तूही ठेवू नकोस.

हो किंवा नाही, एवढं एका पोस्टकार्डावर लिहिलंस तरी पुरे. कशाचं ते तुला कळेल.

तुझी ताई


३ मार्च

चि. खडू,
आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं नाही. येणार नाही हे आता मला माहीत आहे.

परवा सकाळी तुझ्या बायकोचा फोन आला. नंबर अनोळखी, मी उचलणारच नव्हते. उचलला तर ती रडत होती. म्हणाली, "ताई, दोन पोलीस आले होते घरी. यांना चौकीवर घेऊन गेले. तीन तास बसवलं. तुमच्या बँकेच्या पैशांचं काहीतरी विचारत होते. शाळेला कळलं. चौकशी मिटेपर्यंत गाडीला हात लावू नका म्हणाले. मुलांची ने-आण करणाऱ्या माणसावर पोलीस केस चालत नाही म्हणे त्यांना. ताई, बँकेची काहीतरी चूक झालीय. तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही सांगा ना त्यांना."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "बघते." एवढंच. तिनं माझे आभार मानले. फोन ठेवल्यावर मी एका कोटाची उजवी बाही डाव्या खांद्याला जोडली आणि पूर्ण टिपून होईपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नाही. मग उसवत बसले.

तिला तू सांगितलेलं दिसत नाही. पोलिसांनी तुला माझ्या सहीचा कागद दाखवलाच असणार. तू तो वाचलास, आणि घरी येऊन बायकोला म्हणालास की बँकेची चूक आहे.

तेव्हा आता मीच लिहिते. सातव्या रकान्यात असं होतं: हा नंबर आपल्याखेरीज अन्य कोणास माहीत आहे काय? असल्यास नाव, नाते व पत्ता. मी तिथे तुझं नाव लिहिलं. नात्यापुढे "सख्खा धाकटा भाऊ" लिहिलं. पत्ता लिहिला, पिनकोडसकट.

यात खोटं काय होतं, असं मी स्वतःला तीन आठवडे विचारतेय. तुला नंबर माहीत होता. पैसे तुझ्या शहरात निघाले. नऊ वेळा बरोबर नंबर. मी बँकेला खोटं सांगायचं होतं का? साहेब म्हणाले, कार्डावर विमा असतो. संशयिताचं नाव घालून पोलिसांत तक्रार गेली तर तो मिळण्याची शक्यता असते, नाहीतर फाइल अशीच पडून राहते. मी दमले होते रे. सकाळपासून तीन खिडक्या फिरून झाल्या होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि सगळे मलाच विचारत होते की तुम्ही कुणाला सांगितला. माझे पैसे गेले आणि गुन्हेगारही मीच. कुणाचं तरी नाव लिहिलं की माझ्यामागचं हे लचांड सुटेल, असं वाटलं.

हे कारण नाही, मला कळतंय. पण आज एवढंच लिहवतंय.

तूच केलंस असं मी कुठेही लिहिलेलं नाही. एवढं लक्षात ठेव.

ताई


२१ मार्च

चि. खडू,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पूर्ण वाच. मधेच फाडू नकोस. सोबत पार्सल आहे, त्यात काय आहे ते शेवटी सांगते. पाकिटात एक कागद आहे, तो मात्र आधी काढून बाजूला ठेव. त्यावर बँकेचा शिक्का आहे आणि पोलिसांचीही पोच आहे. उद्याच्या उद्या तो शाळेत नेऊन दे. दोन प्रती काढल्यात, एक तुझ्या बायकोजवळ राहू दे.

आता कसं झालं ते सांगते.

गेल्या सोमवारी नवं कार्ड घ्यायला बँकेत गेले. जुनी दोन्ही बंद केली होती. चष्म्यावाली मुलगी मला त्यांच्या दारातल्या मशीनपाशी घेऊन गेली, म्हणाली, "मावशी, आता नवीन नंबर टाका. मी तोंड फिरवते." आणि खरोखरच पाठ करून उभी राहिली बिचारी. मी नंबर टाकला. कोणता, ते आता सांगायला हरकत नाही, कारण तो एक मिनिटसुद्धा टिकला नाही. माझा स्वतःचा खांदा आणि बाही टाकली होती. मशीननं पुन्हा टाका म्हटलं, मी पुन्हा टाकला.

मुलगी वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "मावशी, पंधरा तेवीस ना?"

मी हबकलेच. म्हटलं, तुला कसं कळलं? तेव्हा ती वळली. तिचा चेहरा असा झाला होता की हसावं का रडावं ते तिला कळत नव्हतं. म्हणाली, "तुम्ही मोठ्यानं म्हणालात. दोन्ही वेळा."

माझा विश्वास बसेना. तिनं मला पुन्हा एकदा, नुसतंच, कुठलाही आकडा दाबायला सांगितलं. मी दाबला. आणि या वेळी माझा आवाज मला ऐकू आला.

खडू, तुला वेगळं सांगायला नको. आई टेप लावायची, खणखणीत आवाजात आकडा म्हणायची आणि तू वहीत उतरवून घ्यायचास. तू शाळेत असलास की लिहायला मी. पुढे दुकान माझ्याकडे आलं, लिहून घेणारं कुणी उरलं नाही, तरी आकडा तोंडानं म्हटल्याशिवाय माझा हात चालत नाही. आई सांगायची ना, न बोललेलं माप चुकतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं आकडा हाताशी आला की तोंडाला येतो. मी घराच्या जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजत चढते, ते शेजारीण मला आता सांगते. म्हणाली, "मला वाटायचं, जप करता."

म्हणजे आईचा खांदा आणि बाही मी किती वर्षं, किती दुकानांत, किती लोकांसमोर जाहीर करत होते कोण जाणे. नंबर कोणाला माहीत आहे, असं बँक मला विचारत होती. अख्ख्या बाजाराला माहीत होता.

घरी येताना तो पंखा आठवला. अस्तराच्या दुकानातला. मी आत शिरले की जावई तो बंद करायचा. पावती उडते म्हणून. अरे, पावती त्या मशीनला चिकटलेलीच असते, फाडून घ्यावी लागते, ती कशाला उडेल? आणि माल आणायला तो जातो कुठे, तर महिन्यातून दोनदा तुझ्याच शहरात. जानेवारीअखेर दुकान बंद होतं त्या आठवड्यात तो तिथेच होता. मी रस्त्यात मधेच थांबले. मागून एक सायकलवाला शिव्या देऊन गेला.

चौकीवर जाऊन हे सगळं सांगितलं. हवालदारानं लिहून घेतलं, म्हणाला, "बघू." दोन दिवसांनी गेले तर दुकानाला कुलूप. त्याचे सासरे म्हणाले जावई आजारी आहे, शेजारचा म्हणाला पळाला. सापडेल न सापडेल. पैसे काही परत येत नाहीत.

पण हे सगळं मागाहून. कुलूपबिलूप बघण्याआधी, त्याच सोमवारी दुपारी मी परत बँकेत गेले होते. तोपर्यंत हवालदारानं "बघू" म्हटलं होतं, एवढंच. कुणाविरुद्ध काही सिद्ध झालेलं नव्हतं. साहेबांना म्हटलं, माझा अर्ज परत द्या, सातवा रकाना चुकला आहे. ते म्हणाले, "बाई, नीट विचार करा. तुम्हीच नंबर मोठ्यानं म्हणत होता असं लिहून दिलंत, तर तो तुमचा निष्काळजीपणा ठरतो. विमा गेला. क्रेडिट कार्डाचं बिलही तुम्हालाच भरावं लागेल. आहे तो अर्ज राहू द्या. तुमच्या भावानं केलं नसेल तर तो सुटेलच ना चौकशीत."

सुटेलच. कधी? गाडी दुसऱ्याच्या हाती गेल्यावर? तुझ्या शाळेतली मुलं तुला काय हाक मारतात मला माहीत नाही, पण त्यांच्या आया रोज सकाळी पोरांना तुझ्या हवाली करून घरात जातात. तुझी कमाई ती. माझ्या एका ओळीनं ती गेली.

मी म्हटलं, कागद द्या.

चष्म्यावालीनं कोरा अर्ज आणून दिला. सातव्या रकान्यात लिहिलं: हा नंबर मी स्वतः प्रत्येक वेळी मोठ्याने उच्चारत असे. तो कोणीही ऐकलेला असू शकतो. माझ्या भावाचा याच्याशी काहीही संबंध नाही. सही केली. साहेबांनी डोक्याला हात लावला. त्या मुलीनं शिक्का मारला आणि मला पाणी आणून दिलं. तोच कागद पाकिटात आहे.

इथवर लिहिलं ते सोपं होतं. आता जे लिहायचंय त्यासाठी तीन दिवस घालवले.

मागच्या पत्रात मी म्हटलं होतं, तूच केलंस असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ते खोटं आहे. सातव्या रकान्याच्या खाली आठवा रकाना होता. सदर व्यक्तीवर संशय घेण्यास काही कारण आहे काय? तो मी कोरा सोडू शकत होते. पुष्कळजण सोडतात, असं ती मुलगी म्हणाली. मी लिहिलं. "पूर्वी एकदा आईच्या खात्यातून तिला न विचारता पैसे काढले होते."

तू एकोणीस वर्षांचा होतास. मित्राच्या अपघातानंतरच्या उपचारासाठी काढलेस, आईच्या सहीची नक्कल करून. आणि पुढे दोन वर्षं रात्रपाळ्या करून सगळे फेडलेस. त्या दिवशी आईनं पासबुकाचं ते पान आपल्या दोघांसमोर फाडलं, कात्रीनं त्याचे बारीक तुकडे केले आणि मला म्हणाली, "हे या खोलीबाहेर जाणार नाही. तुझ्या तोंडून तर नाहीच." मी हो म्हटलं होतं. पस्तीस वर्षं पाळलं. आणि बँकेच्या एका फॉर्मवर, कुणी मागितलेलं नसताना, निळ्या शाईत लिहून दिलं. पोलिसांनी तुला तेच वाचून दाखवलं असणार. बायकोला तू का सांगितलं नाहीस, ते मला आता कळलं. तिला ही गोष्ट माहीतच नाही, होय ना?

मी थकले होते, रांगा होत्या, डोळे दुखत होते, हे सगळं खरं. पण खडू, त्यातलं काही कारण नव्हतं. माझ्या मनात तू आधीपासूनच होतास. रकाना नंतर आला.

आई गेल्यावर कपाट आवरताना मी तिच्या डब्यातली चांदीची बटणं मोजली. तू खिडकीपाशी उभा होतास. मी पुन्हा मोजली. तू म्हणालास, "ताई, दुसऱ्यांदा कशाला मोजतेस?" मी म्हणाले, सवय आहे. तू पिशवी उचललीस आणि गेलास, आणि तेव्हापासून फोन उचलत नाहीस. चार वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले की भाऊ क्षुल्लक कारणावरून रुसला. क्षुल्लक नव्हतं. तू बरोबर ओळखलं होतंस. बटणं बारा होती, पहिल्यांदाही आणि दुसऱ्यांदाही.

माफ कर असं लिहून मोकळी होणार नाही. ते तुझ्यावर आणखी एक ओझं होईल. तुझ्या बायकोला मात्र मी स्वतः फोन करून सांगितलंय की पोलिसांना तुझं नाव मीच दिलं होतं. जुनं काही बोलले नाही. ती म्हणाली, "मी ठेवते फोन." बरोबरच आहे.

माझं म्हणशील तर चाललंय. बँडचे कोट गेले, त्यांचे पैसे आले. बँकेकडून टीव्हींच्या बिलाचे हप्ते ठरवून घेतलेत, महिन्याला थोडे थोडे. तीन टीव्ही, घरात एकही नाही. डोळ्यांचं पुढच्या वर्षी बघू. सकाळी शेजारीण येऊन दहा-बारा सुया ओवून ठेवते, दिवस निघतो. कार्डाच्या मशीनपाशी गेले की आता ओठांत दोन टाचण्या धरते. त्या चष्म्यावालीलाच ही युक्ती सुचली. आई तोंडात टाचण्या धरून असली की घरात कशी शांतता असायची, आठवतं? दुकानदार माझ्याकडे बघत राहतात. बघू देत.

पार्सलमध्ये मापांची वही आहे. आता ती तुझ्याकडे असू दे. सगळी वही तुझ्या अक्षरात आहे, आकडे डावीकडे झुकलेले. तुझ्या शाळेच्या वेळेतली काही पानं आईनं नंतर तुझ्याकडूनच पक्की लिहून घेतली होती. फक्त एक पान माझ्या अक्षरात आहे. त्या दिवशी तुला लिहिता येत नव्हतं, कारण तू हात पसरून स्टुलावर उभा होतास. तुझ्या पहिल्या नोकरीचा कोट. आई आकडे म्हणत होती, मी लिहीत होते आणि तू हसून हसून हलत होतास, म्हणून खांदा दोनदा मोजावा लागला. तेव्हा दुसऱ्यांदा मोजण्याचं तुला काही वाटलं नव्हतं.

नवा नंबर मी तिथून घेतलाय. खांदा आणि बाही.

बँकेनं बजावलंय, कुणालाही सांगायचा नाही, घरच्यांनाही नाही. साहेबांना कळलं तर पुन्हा डोक्याला हात लावतील. लावू देत. खात्यात सध्या तसंही अठरा कोटांची शिलाई आहे, आणि तीही त्या टीव्हींच्या हप्त्यांचीच. तरी तुला सांगितलाय. पुढच्या वेळी कुठल्या अर्जात तो रकाना आलाच, अन्य कोणास माहीत आहे काय म्हणून, तर मी पुन्हा तुझंच नाव लिहीन. खालचा रकाना कोरा ठेवीन.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. वही मात्र परत पाठवू नकोस.

तुझी ताई